पश्चिमेची मर्यादा

“वैनी, ह्या वहीत रोजचा सूर्यास्त कशाला लिहून ठेवलाय?”

सुकुमारभाऊजींनी वही माझ्यापुढं सरकवली. ज्येष्ठातला रविवार होता, दुपारची वेळ. जयसिंगपूरच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर माल्टा बेटाचा नकाशा पसरलेला होता आणि पंख्यानं उडू नये म्हणून मी त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या पालथ्या घातल्या होत्या. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांची बायको शैलजा शेजारी बसून आंबे चिरत होती. आमचे हे खिडकीपाशी पेपर वाचत होते.

“एकोणतीस ऑक्टोबर, सहा अकरा,” भाऊजी मोठ्यानं वाचायला लागले. “तीस तारीख, पाच दहा. एकतीस, पाच नऊ. एका दिवसात तासभर आधी मावळतोय व्हय तिथला सूर्य? मास्तरीणबाई, चुकलासा की!”

“चुकले नाही. तीस तारखेला तिथली घड्याळं एक तास मागं घेतात, हिवाळ्यासाठी.”

“घेऊ देत. आपल्याला काय करायचंय त्याचं? फोटो काढायचं काय?”

“भाऊजी, मला जेवायला नको का?”

मी हे हसत म्हटलं. सूर्य मावळल्यावर मी तोंडात काही घालत नाही हे त्या घरात सगळ्यांना तीस-पस्तीस वर्षं ठाऊक होतं. पण कुणी हसलं नाही. शैलजाची सुरी आंब्यातच थांबली. तिनं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला.

“अण्णा,” भाऊजी म्हणाले, “तू बोलला न्हाईस व्हय अजून वैनींना?”

“बोलणार होतो.”

“काय बोलणार होतात?” मी विचारलं.

भाऊजीच म्हणाले, “वैनी, तिकिटं सहा काढल्यात. मी, शैला, अण्णा, आमचा मुलगा, सून आणि शैलाची बहीण रजनी. तुम्ही कशा येणार? तुमचं दिग्व्रत आहे न्हवं.”

माल्टा हे नाव मी काढलं होतं. सगळे दुबई-सिंगापूर म्हणत होते. एकतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. ‘भूमध्य सामुद्रिक हवामानाचा प्रदेश : उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात’ हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याला गणती नाही, आणि ऑलिव्हचं झाड मी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. त्या समुद्राच्या मधोमध हा एवढासा देश, ज्यात एकसुद्धा नदी नाही. “बाई, मग तिथली माणसं पाणी काय पितात?” असं दर वर्षी कुठली तरी मुलगी विचारायची. खडकात टाक्या खोदून पावसाचं पाणी साठवत आली आहेत, असं मी सांगायचे. सांगताना मलाच वाटायचं, एकदा त्या टाकीत वाकून बघावं.

म्हणून दोन महिने मी ती वही भरत होते. राजधानीचे तट कोणत्या दिवशी, पिरॅमिडांहून जुनी दगडी देवळं कोणत्या दिवशी, शेजारच्या बेटावर जाणारी बोट किती वाजता. दिवाळीला महावीरांचा निर्वाण लाडू बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, चढवला की दोन दिवसांनी निघायचं, दशम्या आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी इथून न्यायची, खोलीत शेगडी असलेलं हॉटेल बघायचं. सहा तिकिटं म्हटल्यावर सहावी मी, असं मी धरून चालले होते. भाऊजींनी पासपोर्ट गोळा केले तेव्हा मी बस्तीत होते. मला वाटलं, ह्यांनी दोघांचे दिले असतील.

“माझं दिग्व्रत?” मी म्हटलं. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“आता हे काय विचारणं झालं, अक्का,” शैलजा म्हणाली. “सगळ्या गावाला ठाऊक आहे. उलट आम्हाला अभिमान वाटतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका बघा. तिथनं काय आणू तुमच्यासाठी? त्यांची ती लेस चांगली असते म्हणं.”

“काही नको.”

“रागावू नका की.”

“रागावत नाही. व्रतात सीमा घातली की सीमेपलीकडची वस्तू मागवणं हाही दोषच. तुम्ही म्हणता तसं माझं व्रत असेल, तर मला लेस तरी कशी चालेल?”

हे मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं. माझा आवाज लहान आहे. शाळेत मागच्या बाकावरच्या मुली म्हणायच्या, बाई, जरा मोठ्यानं. त्यामुळं मी रागावले आहे हे पुष्कळदा लोकांच्या लक्षातच येत नाही. शैलजाच्याही आलं नाही. तिला वाटलं मी तिची चूक दाखवतेय. ती थोडी फणकाऱ्यानं म्हणाली, “मग झालं तर! त्रिशलाच्या बाळंतपणालासुद्धा तुम्ही व्रत मोडलं न्हाईसा. पोटच्या पोरीसाठी मोडलं न्हाई, ते आता बेट बघायला मोडणार होय?”

मी वही मिटून जवळ घेतली.

“शैला, गप बस,” हे म्हणाले.

दिग्व्रत म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्यात गृहस्थानं घ्यायच्या व्रतांपैकी ते एक. दाही दिशांना सीमा ठरवायची, अमुक नदी, अमुक डोंगर, अमुक गाव, आणि जन्मभर तिच्यापलीकडं पाऊल टाकायचं नाही. कारण माणूस जिथवर जातो तिथवर त्याचा लोभ जातो आणि हातून हिंसा होते. फार कठीण व्रत आहे. दुसरं त्याच्यासारखंच, पण ठरावीक काळापुरतं. एक दिवस, एक महिना, चार महिने. त्याला देशावकाशिक म्हणतात. मी ते रोज करते. सकाळी देवापुढं हात जोडून ठरवायचं, आज किती पदार्थ खाईन, कुठवर जाईन. निवृत्तीनंतर तर पुष्कळदा माझी हद्द ‘घर ते बस्ती’ एवढीच असे.

त्या ज्येष्ठाच्या नऊ वर्षं आधी एक माताजी, म्हणजे आमच्या साध्वी, चातुर्मासाला आमच्या गावी होत्या. त्यांच्यापुढं मी चार महिन्यांसाठी हद्द घेतली होती. कृष्णा ते पंचगंगा, दोन नद्यांच्या मधे. शाळा त्यातच होती म्हणून जमलं. कार्तिकात ते व्रत पूर्ण झालं. मी लाडू वाटले. हे त्या दिवशी बस्तीत पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसले होते. हे बस्तीचे पंच.

आणि त्याच माघात त्रिशला मस्कतला बाळंत झाली. आमची एकुलती मुलगी. खरं तर पहिलटकरीण माहेरी यायची, पण तिला डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. मी पासपोर्ट काढला, रजेचा अर्ज लिहून ठेवला. मग एक दिवस हे दुकानातून आले आणि म्हणाले, “तिच्या सासूबाई निघाल्यात. दोन दोन बायका एका घरात, पोरीलाच अवघड होईल. तू थांब.” मी थांबले. पोरीला सासू जास्त जवळची वाटली असेल, असं मनाशी म्हणून थांबले. त्या पासपोर्टावर कधी शिक्का बसला नाही.

टेबलावरून उठून मी आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि मस्कतला फोन लावला.

“आई? आज एकदम?” त्रिशलाचा आवाज नेहमीसारखाच, मोजूनमापून. गेली आठ वर्षं ती अशीच बोलायची. यायची, दोन दिवस राहायची, सासरी जायची. काहीही विषय निघाला की म्हणायची, तुला नाही जमायचं आई, राहू दे. मी त्याचा अर्थ लावत नसे.

“त्रिशला, एक विचारू? ऋजुताच्या वेळी मी का आले नाही?”

ती म्हणाली, “आता ते कशाला उकरतेस?”

“सांग.”

“तुझं व्रत होतं की. समुद्र ओलांडायचा नाही असं. बाबा म्हणाले, आईला विचारूच नकोस. तू रडलीस तर ती व्रत मोडून येईल आणि जन्मभर मनाला लावून घेईल. तिला धर्मसंकटात टाकू नकोस. म्हणून मी तुझ्यासमोर कधी रडले नाही. फोन ठेवायचे, मग रडायचे.”

“आणि तुझ्या सासूबाई?”

“त्या पंधरा दिवसांनी आल्या. पंधरा दिवस मी आणि हे. ह्यांना तर लंगोट बांधता येत नव्हता. शेजारी एक केरळची नर्स होती, ती बिचारी ड्यूटी करून यायची आणि ऋजुताला न्हाऊ घालून जायची. आई, तू ऐकतेयस ना?”

“ऐकतेय. मला सांगितलं होतं, तुझ्या सासूबाई निघाल्यात, दोन बायका नकोत म्हणून.”

“कुणी?”

मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

“व्रत चार महिन्यांचं होतं बाळ. कार्तिकात सुटलं. ऋजुता माघात झाली.”

मग तिचा आवाज आला, लहानपणीचा, मोजमाप सुटलेला. “आई, मी आठ वर्षं तुझ्यावर रागावले गं.”

“रागावलीस ते बरोबर केलंस,” मी म्हटलं. “फक्त पत्ता चुकला.”

बाहेर आले तेव्हा भाऊजी आणि शैलजा घरी गेले होते. टेबलावर नकाशा तसाच होता. पलीकडच्या खोलीतून अव्वांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा खोकला ऐकू येत होता. हे पुन्हा पेपर धरून बसले होते. पान उलटं नव्हतं, पण ते वाचतही नव्हते.

“मी व्रत घेतलंय असं तुम्ही त्रिशलाला सांगितलंत.”

“घेतलंच होतंस की. खोटं कुठं बोललो?”

“चार महिन्यांचं.”

“आता दिग्व्रत काय आणि ते दुसरं काय, मला काय त्यातलं कळतंय?”

“तुम्ही पंच आहात. आणि चार महिने कुठले आणि जन्मभर कुठलं हे कळायला पंच असावं लागत नाही.”

पेपर खाली ठेवून ते म्हणाले, “हे बघ. त्या वेळी अव्वा पडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं. तू गेली असतीस म्हणजे काय झालं असतं? मी दुकान बघायचं का अव्वाचं भांडं द्यायचं? तुला थांब म्हटलं असतं तर रडली असतीस. पोरीला आई येत न्हाई म्हटलं असतं तर ती रडली असती. देवाधर्माचं सांगितलं की कुणी वाद घालत न्हाई. कुणाला वाईट वाटलं न्हाई, उलट तुझं नाव झालं. पर्युषणात बायका तुझ्या पाया पडत्यात त्या कशाला?”

त्या पाया पडत्यात त्या कशाला, हे मला खरंच तेव्हा कळलं. मला वाटायचं, त्यांच्या मुलींना मी शिकवलंय म्हणून. शाळेची सहल श्रीलंकेला गेली तेव्हा मुख्याध्यापिकांनी मला विचारलंच नाही, उलट मान लववून म्हणाल्या होत्या, “तुमचं वेगळं आहे बाई.” ते वेगळं काय, तेही तेव्हा कळलं. मी न घेतलेलं व्रत गावभर माझ्यापुढं चालत होतं आणि लोक त्याला वाट करून देत होते.

“मला विचारलं असतंत,” मी म्हटलं, “तर मी कदाचित थांबलेही असते. अव्वांसाठी. त्रिशलाला मी स्वतः सांगितलं असतं, बाळ, मला येता येत नाही. ते थांबणं माझं असतं. त्याग माझ्या नावावर आणि केला तुम्ही, हे कुठल्या शास्त्रात बसतं?”

“बरं, चुकलं. झालं? सुकुमारला सांगतो, सातवं तिकीट काढ. न मिळालं तर रजनीचं राहू दे. तू पण चल.”

“आणि अव्वांचं?”

“ठेवू की एखादी बाई. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. अलीकडं मिळत्यात चांगल्या.”

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते काय बोलून गेले ते त्यांना थोड्या उशिरा कळलं, कारण त्यांनी पुन्हा चष्मा काढला.

“मग त्या वेळी का नाही ठेवलीत?” मी विचारलं.

ह्यांनी पेपर पुन्हा उचलला.

आतून अव्वा ओरडल्या, “भूपाल, काय चाललंय रे? चेलना रडत्या काय?”

“न्हाई अव्वा,” हे म्हणाले. “व्रताचं बोलतोय.”

“हां. मग असू दे,” अव्वा म्हणाल्या. व्रताचं म्हटल्यावर त्याही गप्प बसल्या.

माझं तिकीट काढू नका, एवढं मी ह्यांना सांगितलं. रजनीला नाही म्हणू नका, तिचा काही दोष नाही. ती वही मी भाऊजींच्या घरी पाठवून दिली, सूर्यास्ताच्या रकान्यासकट. माझ्या नेमात खंड पडला नाही. पण सकाळी हात जोडून ‘आज घर ते बस्ती’ म्हणताना जीभ जड व्हायची. वाटायचं, हे मी म्हणतेय की माझ्याकडून कुणी म्हणवून घेतंय? जन्मात कधी व्रताचा असा राग आला नव्हता. आणि तो व्रतावरचा राग नाही हे कळत असूनही तो तिथंच येऊन बसायचा, हे मला सगळ्यांत जास्त लागलं.

आषाढात त्याच माताजी आमच्या गावी पुन्हा चातुर्मासाला आल्या. नऊ वर्षांनी. वर्षायोगाची, म्हणजे चातुर्मासाची, स्थापना झाली त्यानंतरच्या रविवारी बस्तीच्या सभागृहात व्रतींची यादी वाचायची होती. मी बायकांच्या बाजूला भिंतीशी बसले होते. पुढं हे आणि इतर पंच. भाऊजींचं कुटुंबही आलं होतं, परदेशी जाण्याआधी आशीर्वाद घ्यायला. ह्यांनी मधल्या दीड महिन्यात कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. मी रोज वाट बघत होते. आज सांगतील, उद्या सांगतील.

दुसरे एक पंच यादी वाचत होते. “रात्रिभोजन त्याग, बत्तीस जण,” असं करत करत ते शेवटी आले. “आणि आपल्या गावाला भूषणावह, सौभाग्यवती चेलना भूपाल मगदूम. आजीवन दिग्व्रत, वर्ष नववे!”

टाळ्या पडल्या. शेजारची बाई माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी पाय मागं घेतला आणि उठून उभी राहिले.

“हे खरं नाही,” मी म्हटलं.

कुणालाच ऐकू गेलं नाही. टाळ्या चालूच. पुढं शैलजासुद्धा वाजवत होती. मी बायकांमधून वाट काढत समोर गेले आणि यादी वाचणाऱ्या पंचांना म्हटलं, “तो माईक द्या.” एकतीस वर्षांच्या नोकरीत मी माईक हातात धरला नव्हता. त्यांना वाटलं मला आभार मानायचेत. त्यांनी दिला.

“वंदामि माताजी. हे व्रत मी घेतलेलं नाही.”

माझाच आवाज भिंतींवरून माझ्या अंगावर आला. टाळ्या थांबल्या.

माताजी आता फार थकल्या होत्या. मराठी बोलताना त्यांचे शब्द कानडी हेलानं यायचे. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. “तू शाळेतली टीचर की. तू मला दोन नद्या सांगितल्या होत्या. नकाशा सांगितल्यासारखी हद्द सांगितली होतीस, मला ध्यानात आहे. चार महिन्यांची. आजीवन कोण म्हणलं?”

मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. पुरुषांच्या बाजूच्या निम्म्या माना तिकडं वळल्या होत्या.

“माताजी, नऊ वर्षं ते माझ्या नावावर चाललंय. मला न विचारता. त्याचं नाव सांगून माझ्या मुलीला बाळंतपणात आईशिवाय ठेवलं, आणि मला सांगितलं की तिला मी नकोय. मी न घेतलेल्या व्रताचं पुण्य मला नको. पण त्याचा दोष कुणाचा, तेवढं तुम्ही सांगा.”

“घेणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणल्याशिवाय व्रत होत नाही,” माताजी म्हणाल्या. “दुसऱ्यानं म्हणलं तर ते व्रत नव्हे, दावं. गाईला घालतात ते.”

कुणीतरी खोकलं. मला वाटलं बोलणं संपलं, आता खाली बसावं. पण बसले नाही. आणि ज्या गोष्टीचा मी घरून निघताना विचारही केला नव्हता ती माझ्या तोंडून निघाली.

“मग आज मी माझ्या तोंडानं घेते. दिग्व्रत. आजीवन.”

सभागृहातून एक सुस्कारा गेला, सगळं पुन्हा ठीक झाल्यासारखा. भाऊजी हसले. हे मान वर करून माझ्याकडं बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. शेवटी घरची अब्रू घरात राहिली, असं त्यांना वाटलं असणार.

“विचार करून घे,” माताजी म्हणाल्या. “पूर्वेला?”

“सम्मेदशिखर.”

“दक्षिणेला?”

“कन्याकुमारी.”

“उत्तरेला?”

“सदतीस अंश अक्षांश. आपल्या काश्मीरचं वरचं टोक.” ती रेघ मी तिथून का ओढली हे तिथं कुणालाच कळलं नाही.

“आणि पश्चिमेला?”

“अरबी समुद्र,” हे म्हणाले.

त्यांनी मुद्दाम म्हटलं नसेल. सवयीनं म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक माझ्याशी बोलायला लागलं की ते उत्तर देतात तसं. पण पहिल्या रांगेतून ते सगळ्यांना ऐकू गेलं. माताजींनी ह्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडंच बघत त्यांनी पुन्हा विचारलं, “पश्चिमेला?”

“माल्टा,” मी म्हटलं.

“हे कुठं आलं?”

“भूमध्य समुद्रात, माताजी. लहानसं बेट आहे. पस्तीस अंश चोपन्न मिनिटं उत्तर, चौदा अंश एकतीस मिनिटं पूर्व. त्या बेटाच्या आणि त्याला लागून असलेल्या लहान बेटांच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत. त्यापलीकडचं सगळं, पॅरिस, लंडन, अमेरिका, मी आजपासून सोडलं.”

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणीतरी.

माताजींच्या तोंडावर काही हललं नाही. “वर किती?” त्यांनी विचारलं. दहा दिशांमध्ये वर आणि खाली ह्याही दिशा येतात.

“विमान उडतं तेवढं.”

“खाली?”

“पाण्याच्या टाकीच्या तळापर्यंत.”

“ध्यानात राहील? सीमा विसरणं हाही दोष असतो बाई.”

“एकतीस वर्षं तो नकाशा हातानं फळ्यावर काढलाय, माताजी.”

माताजींनी मोरपिसांची पिच्छी उचलली आणि आशीर्वादाला हात वर केला. मी खाली वाकले. माईक कुणाच्या तरी हातात दिला. कुणाच्या ते आठवत नाही.

बस्तीपासून आमचं घर चार मिनिटांवर. नेहमी हे पुढं आणि मी मागं असं आम्ही चालायचो. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी ते थांबले. रविवार असल्यानं गिरणी बंद होती.

“लोकांसमोर बोलायची काय गरज होती?”

“तुम्ही लोकांसमोरच सांगितलं होतं.”

“आता आम्ही जायचं का न्हाई? सुकुमार काय म्हणेल?”

“जा की. तिकिटं काढलीत, वही तयार आहे. सूर्यास्त तेवढा वगळा.”

“आणि तू?”

“तुम्ही परत आल्यावर. दिवस तेव्हा अजून लहान होतील, जेवण लवकर आटपावं लागेल. त्रिशलाबरोबर जाईन.”

“अव्वाचं कोण बघणार?”

“बाई मिळते म्हणालात. नाही मिळाली तर अव्वांना दोन मुलगे आहेत.”

ते नेहमीच्या, जरा समजावणीच्या सुरात म्हणाले, “अगं, जन्माची सीमा घालायची ती एवढ्या लांब? नदी न्हाई, ओळखीचं माणूस न्हाई. एवढ्या लांबच्या वाटेनं जाऊन तू तिथं करणार काय?”

“वाटेत मस्कत लागतं,” मी म्हटलं. “आधी तिथं उतरणार आहे.”